गाडीची काच रोज पुसूनही रात्री धूसर दिसते, तर घरी काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की गाडी चार वर्षांची आहे, सोसायटीत उघड्यावर उभी असते, वॉचमनदादा रोज सकाळी बोअरच्या पाण्याने धुतात, दिवसा काचा चकाचक दिसतात पण रात्री समोरून गाडी आली की पुढची अख्खी काच पांढरी होते आणि क्षणभर काहीच दिसत नाही, शिवाय बाहेरून पांढरे ठिपके पडलेत ते कशानेच जात नाहीत, आणि पावसाची भुरभुर सुरू झाली की वायपर पाणी पुसायच्या ऐवजी फासत बसतो. एका वॉशिंग सेंटरवाल्याने काचच बदला असं सांगितलं म्हणून तुम्ही विचारताय की घरच्याघरी काही होईल का. होईल, आणि तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून काच बदलायची वेळ आलेली नाही.

मी पुण्यात सिंहगड रोडला गेली १९ वर्षं हेच काम करतोय, गाड्या धुणं, आतून साफ करणं, पॉलिश करणं. तुमचं दुखणं एक नाही, तीन आहेत. रात्री पांढरं होतं ती आतल्या बाजूची घाण आहे, ठिपके आहेत ते पाण्यातले क्षार आहेत, आणि वायपर फासतो तो बाहेरचा तेलकट थर आहे. तिन्हीचं औषध वेगळं. लोक काय करतात, एक निळ्या लिक्विडची बाटली आणतात, तीच तिन्हीवर मारतात, जुन्या बनियनने पुसतात आणि मग म्हणतात काच गेली.

आधी आतल्या बाजूचं बोलू कारण जिवाशी खेळ तिथे आहे आणि नेमकी तीच बाजू कोणी पुसत नाही. गाडी धुणारा माणूस बाहेरून धुतो, त्याच्याकडे किल्ली नसते, आणि आपण आत बसतो तेव्हा आपल्याला काचेतून पलीकडचा रस्ता दिसतो, काच दिसतच नाही. हा थर येतो कुठून? डॅशबोर्डचं प्लास्टिक, दारांची आतली पॅनल, सीटचं रेक्झिन, ह्या सगळ्यात ते मऊ राहावं म्हणून तेलासारखी रसायनं घातलेली असतात. एप्रिल-मे मध्ये बंद गाडी उन्हात उभी असली की डॅशबोर्ड ७० अंशाच्या आसपास सहज तापतो, ही रसायनं थोडी थोडी वाफ होऊन वर येतात आणि समोरच्या काचेवर जाऊन बसतात. नवीन गाडीचा जो वास लोकांना इतका आवडतो ना तो ह्याचाच. त्यात मग डॅशबोर्डला चमक यावी म्हणून मारलेलं सिलिकॉनचं पॉलिश, बॉडी स्प्रे, एसीच्या जाळीला लावलेला परफ्यूम, रोज सकाळी गाडीत फिरवलेली अगरबत्ती, कोणी सिगरेट ओढत असेल तर तो धूर, आणि पावसाळ्यात काच धुरकट झाली की आपण पटकन हाताच्या पंजाने पुसतो त्या हाताचं तेल. हे सगळं एकावर एक बसत जातं. दिवसा उजेड सगळीकडून येतो म्हणून दिसत नाही, रात्री समोरचा एलईडी हेडलाईट ह्या थरावर पडला की उजेड सगळीकडे विखुरतो आणि काच पेटल्यासारखी होते.

आमच्याकडे एक काका यायचे, निवृत्त शिक्षक, त्यांनी रात्रीची गाडी चालवणंच बंद केलं होतं. मला म्हणाले की डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो, त्यांनी तपासून सांगितलं मोतीबिंदू वगैरे काही नाही, चष्म्याचा नंबरही तोच आहे, तरी दिवे फुटलेले दिसतात. मी त्यांची गाडी अंधाऱ्या शेडमध्ये घेतली, बाहेरून मोबाईलची टॉर्च तिरकी धरली आणि त्यांना आत बसवून दाखवलं, काचेवर साईचा पातळ थर पसरावा तसं दिसत होतं आणि त्यात कधीतरी नातवाने बोटाने काढलेला ससा. सहा वर्षं ती काच आतून कोणी पुसलीच नव्हती. पुसून दिली, दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला की रात्री साताऱ्याहून आलो, खंबाटकीतून, काही त्रास झाला नाही. ही गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो कारण माणूस डोळ्यांना दोष देतो, वयाला दोष देतो, समोरच्याच्या लाईटला शिव्या देतो आणि डोळ्यापासून दीड-दोन फुटावर असलेल्या काचेकडे बघत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत यायला हवा असं आहे, कंपनी ते पाळून काच देते, आणि आपण आतून त्यावर पडदा धरू देतो.

तर तुम्हीपण आधी टॉर्चची ही टेस्ट करा. रात्री गाडी अंधारात लावा, एकाला बाहेर उभं करून टॉर्च बाजूने तिरकी मारायला सांगा आणि तुम्ही आत बसून बघा. मग कोपऱ्यात आतून बोट फिरवा. बोटाची रेघ स्वच्छ उमटली तर थर आत आहे.

आतली काच साफ करायला लागतं काय तर मायक्रोफायबरची तीन-चार चांगली फडकी, कोमट पाणी, भांड्याचं लिक्विड, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बॅटरीचं पाणी. अल्कोहोल मेडिकलमध्ये किंवा केमिकलच्या दुकानात मिळतं. बॅटरीचं पाणी म्हणजे इन्व्हर्टरमध्ये टाकतात ते डिस्टिल्ड वॉटर, त्यात क्षार नसतात म्हणून सुकल्यावर डाग ठेवत नाही, दुकानातून घेताना लेबल बघून पाणीच घ्या, त्याच शेल्फवर बॅटरीचं ॲसिडपण असतं. अल्कोहोल आणि हे डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं एका स्प्रे बाटलीत भरा आणि बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहून ठेवा, घरात लहान मुलं असतील तर वरच्या कपाटात. सॅनिटायझर वापरला तर चालेल का असं कोविडनंतर खूप लोक विचारतात, तर नको, हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात ग्लिसरीन घातलेलं असतं आणि ते काचेवर ओघळ सोडतं.

चार वर्षांचा थर असेल तर थेट अल्कोहोलने सुरुवात केलीत तर तो नुसता इकडचा तिकडे सरकेल. आधी अर्धी बादली कोमट पाण्यात लिक्विडचे दोन-तीन थेंब, जास्त नाही, फडकं बुडवून घट्ट पिळा, पाणी ठिबकता कामा नये, आणि पूर्ण काच पुसून घ्या. फडक्यावर पिवळट-राखाडी काहीतरी येईल, ते बघून तुम्हालाच कसंतरी होईल. फडक्याची बाजू बदलत राहा, नाहीतर तीच घाण परत लागते. मग दुसऱ्या फडक्याने नुसत्या साध्या पाण्याचा एक हात, साबण निघून जायला. आता अल्कोहोलचं मिश्रण, आणि हे नीट लक्षात ठेवा की स्प्रे फडक्यावर मारायचा, काचेवर नाही. काचेवर मारलात तर ओघळ खाली डॅशबोर्डवर, स्पीकरच्या जाळीत, एसीच्या फटीत जातो, आणि आजकाल आरशामागे कॅमेरा असतो, पावसाचा सेन्सर असतो, त्यांच्या आसपास ओलं फडकंही जपून. मधल्या आरशाचंही तेच, कडेतून पाणी आत शिरलं की आरसा काळा पडत जातो. एकावेळी काचेचा साधारण एक चतुर्थांश भाग घ्या, ओल्या फडक्याने पुसा आणि सुकायच्या आत लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने. हे दोन फडक्यांचं काम आहे, एका फडक्याने कधीच स्वच्छ होत नाही, ओघळ राहतात त्याचं निम्मं कारण हेच असतं. गाडीची दारं उघडी ठेवा, अल्कोहोलचा वास साचू देऊ नका आणि जवळ काही पेटलेलं नको.

पुढच्या काचेची खालची खाच, जिथे काच आणि डॅशबोर्ड मिळतात, तिथे हात जात नाही. स्टेअरिंगच्या बाजूने प्रयत्न करूच नका, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसा, तळहात वर येईल असा हात उलटा करा, फडकं बोटांवर, काचेच्या बाजूने धरा आणि पंजाची मागची बाजू डॅशबोर्डला टेकवून सरकवत न्या. मी नवीन पोरांना हेच पहिल्या दिवशी शिकवतो. नाहीतर घरातली रुंद पट्टी घ्या, तिला फडकं गुंडाळून रबर लावा.

आणि आणखी एक सवय, आतून पुसताना शेवटचा हात आडवा मारायचा आणि बाहेरून पुसताना शेवटचा हात उभा. मग उन्हात एखादी रेघ दिसली तर ती आडवी आहे की उभी एवढं बघितलं की कळतं आत राहिली की बाहेर. नाहीतर माणूस बाहेरून घासत बसतो आणि रेघ आत असते, असं मी मोठमोठ्या कारागिरांचं होताना बघितलंय.

आत दोन गोष्टींना धक्का लावू नका. एक फास्टॅग, तो एकदा सोलला की फाटतो आणि परत चालत नाही, त्याच्या कडेने पुसा. दुसरं एचएसआरपीचं, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेटसोबत काचेवर लावतात ते तिसरं स्टिकर, तेही काढलं की खराब होतं. बाकी जुने सर्व्हिसचे, पार्किंगचे, कुठल्या तरी टुर्नामेंटचे स्टिकर काढायचे असतील तर केस वाळवायच्या ड्रायरने गरम करून हळूहळू सोला आणि चिकटा राहिला तर थोडं खोबरेल तेल लावून दहा मिनिटं ठेवा, मग साबणाने धुवा, मग अल्कोहोल.

मागच्या काचेवर आतून ज्या बारीक तपकिरी आडव्या रेघा असतात त्या डिफॉगरच्या, म्हणजे काच गरम करणाऱ्या. त्या काचेवर छापलेल्या असतात, एक जरी खरवडली गेली तर ती रेघ बंद. म्हणून मागची काच आतून नेहमी रेघांच्या दिशेनेच, हलक्या हाताने, आणि ब्लेड तर तिथे कधीच नाही. काही गाड्यांत रेडिओची अँटेनाही अशीच काचेवर असते. काचांना फिल्म लावलेली असेल तर अमोनियावालं क्लीनर वापरू नका, फिल्म धुरकट पडते आणि कडा सुटायला लागतात, बाटलीच्या मागचं बारीक अक्षरातलं वाचा.

आता पांढरे ठिपके. तुमच्या घरातल्या गिझरच्या कॉइलवर, बाथरूमच्या नळावर जो पांढरा थर बसतो तोच हा. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात, पाणी मारलं, काच तापलेली असली, पुसली नाही, पाणी उडून गेलं आणि क्षार मागे राहिला. रोज एक ठिपका त्याच जागी. साबणाने तो जाणार नाही कारण ती घाण नाहीच, तो चुन्याच्या जातीचा दगड आहे, आणि दगड विरघळवायला आंबट लागतं. चायनीज करायला आणतो ते पांढरं व्हिनेगर घ्या, तेवढंच पाणी घाला, पेपर नॅपकिन किंवा जुन्या सुती फडक्याचे तुकडे त्यात भिजवून ठिपक्यांवर चिकटवा आणि दहा मिनिटं तसंच ठेवा. नुसतं फवारून पुसू नका, ते ओघळून जातं, त्याला वेळ मिळायला पाहिजे. सावलीत, काच थंड असताना. मग मऊ फडक्याने गोल फिरवत पुसा आणि भरपूर पाण्याने धुवा, कारण व्हिनेगर बॉनेटच्या रंगावर, वायपरच्या रबरावर, क्रोमच्या पट्टीवर बसून राहिलेलं चांगलं नाही. व्हिनेगर नसेल तर लिंबूसत्व म्हणजे सायट्रिक ॲसिड, एका ग्लास पाण्यात दोन चहाचे चमचे, त्याचाही गुण येतो. पहिल्या वेळी निम्मे जातील, दुसऱ्यांदा अजून.

काहीजण टॉयलेट क्लीनर लावतात. कळकळीने सांगतो, लावू नका. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, ते ओघळून खाली क्रोमवर आणि ॲल्युमिनियमवर गेलं की काळे-पांढरे डाग कायमचे, आणि माझ्याकडे अशा गाड्या आल्यात की काच वाचवायला गेले आणि दाराच्या पट्ट्या बदलाव्या लागल्या.

आता समजा दोन-तीनदा व्हिनेगर लावूनही ठिपक्यांची गोल कड राहिली, बोट फिरवलं तर हाताला काही लागत नाही पण उन्हात दिसतं, तर क्षाराने काच थोडी खाल्लीय. तिथे आंबट चालणार नाही, तिथे सेरियम ऑक्साइडची पावडर लागते, काचेचं पॉलिश तीच. पाण्यात दह्यासारखी कालवायची, फेल्टच्या गोल पॅडला लावून छोटा छोटा भाग घ्यायचा आणि सतत ओलं ठेवायचं. हाताने होतं पण दंड भरून येतात, वीतभर जागेला पंधरा-वीस मिनिटं जातात. मशीन लावलं तर एका जागी थांबायचं नाही, काच तापते आणि पुढची काच म्हणजे दोन काचांच्या मधे प्लास्टिकची फिल्म घालून चिकटवलेली असते, एका जागी जास्त तापवली तर तडा जाऊ शकतो. पुढच्या काचेत ड्रायव्हरच्या डोळ्यासमोरचा भाग असेल तर ते काम घरी नको, सारखं एकाच ठिकाणी घासलं गेलं तर तिथून रस्ता लाटेसारखा हलताना दिसायला लागतो. बाजूच्या काचांवर खुशाल करून बघा.

तुमच्याकडे आसपास बांधकाम चालू असेल तर अजून एक बघा, कधी कधी ठिपके पाण्याचे नसून सिमेंटचे असतात. मिक्सरवाला ट्रक पुढे चालला की बारीक शिंतोडे उडतात. ते नखाला खरखरीत लागतात. ते कोरडे खरवडलेत तर काच ओरबाडली जाणार, त्यांनाही व्हिनेगरच्या ओल्या कापडाखाली झाकून ठेवायचं आणि मऊ पडल्यावर काढायचं, लवकर काढायचं, कारण सिमेंट काच खातं.

तिसरं, वायपर फासतो ते. बाहेरच्या काचेवर रस्त्यावरचा डिझेलचा धूर, पुढच्या गाडीने उडवलेलं तेलकट पाणी, आणि वॉशिंग सेंटरमध्ये वॅक्सवाला शॅम्पू मारतात त्यातलं वॅक्स, ह्याचा एक थर असतो. आणि माझ्या धंद्यातली एक वाईट सवयही सांगतो, बऱ्याच ठिकाणी टायरला आणि बंपरला पॉलिश लावलेलं फडकंच शेवटी काचेवरून फिरवलं जातं, त्याने वरवर चमक येते आणि पहिल्या पावसात सगळं फासतं. गाडी बाहेर देत असाल तर काचेचं फडकं स्वतःचं द्या, ह्यात कसला संकोच नाही. काचेवर पाणी मारा आणि बघा, पाणी एकसारखं पसरून खाली उतरलं तर काच स्वच्छ, कुठे थेंब धरतात कुठे पसरतं असं तुकड्या-तुकड्याने दिसलं तर थर आहे.

जुने एसटीचे आणि ट्रकचे ड्रायव्हर पावसात काचेवर तंबाखू चोळायचे किंवा कापलेला बटाटा फिरवायचे, तुमच्यापैकी अनेकांनी घाटात बघितलं असेल. त्यात तथ्य आहे, बटाट्यातल्या स्टार्चमुळे पाण्याचे थेंब न होता ते पसरतं आणि आरपार दिसतं. वायपर मध्येच बंद पडला, घाटात अडकलात, तर आजही उपयोगी पडेल. पण ती वेळ मारून नेण्याची गोष्ट आहे, थर त्याने निघत नाही. थर काढायला खायचा सोडा पाण्यात कालवून पेस्ट करा, ओल्या काचेवर ओल्या फडक्याने गोल गोल, वरून खाली, सगळीकडे सारखं, आणि धुऊन टाका. सोडा काचेपेक्षा खूप मऊ असतो, ओरखडा येत नाही. धुतल्यावर परत पाणी मारून बघा, जिथे थेंब धरतात तिथे अजून एक हात. शेवटी तोच अल्कोहोलचा हात उभा. रॉकेलने पुसणारेही आहेत, घाण निघते खरी पण स्वतःचा तेलकटपणा ठेवून जातं, म्हणजे परत जिथल्या तिथे.

सोबत वायपरकडे बघायला विसरू नका, काच कितीही साफ केली आणि काळं मळकट रबर परत तिच्यावर टेकवलं तर एका फेरीत काम वाया. वायपर उभा करा, अल्कोहोल लावलेल्या फडक्याने रबराची धार चिमटीत धरून पुसत न्या, फडकं काळं येणं थांबेपर्यंत. वायपर उभा असताना काचेवर एक जाड टॉवेल टाकून ठेवा, स्प्रिंगमुळे तो आपटला तर नुसत्या लोखंडी दांड्याने काच फुटते, आमच्या शेडमध्ये फुटलीय. आपल्याकडच्या उन्हात रबर वर्षभरात कडक होतं, मे अखेरीस, पावसाच्या आधी, बदलून टाकायचं. आणि कोरड्या काचेवर वायपर फिरवायचा नाही, सकाळी धूळ बसलेली असते तेव्हा तर मुळीच नाही, धुळीत वाळूचे कण असतात, वाळू काचेपेक्षा कडक असते, म्हणून ते अर्धगोल ओरखडे पडतात जे कशानेच जात नाहीत. आधी पाणी, मग वायपर. वॉशरच्या टाकीतही बोअरचं पाणी भरू नका, नोझल क्षाराने बुजतात, ते बारीक सुईने मोकळे करावे लागतात. ॲक्वागार्डचं आरओ असेल तर ते भरा.

ह्याच कारणाने बाहेरची काच पुसायच्या आधी नुसत्या पाण्याने धूळ खाली उतरवणं हे अर्धं काम आहे. कोरडं फडकं मारणं म्हणजे वाळूकागद फिरवणं. हिरवी घासणी तर काचेला दाखवूही नका, भांडी घासायच्या त्या घासणीत काचेपेक्षा कडक खर असते. बाजूच्या काचा पूर्ण वर केलेल्या असताना पुसतात आणि वरची दोन बोटं रबराच्या आत राहतात, मग काच खाली केली की तिथे मळाची पट्टी दिसते. काच चार बोटं खाली घ्या, वरची कड पुसा, मग वर घेऊन बाकीची पुसा. आणि दाराच्या बीडिंगमध्ये, काच जिथून आत शिरते तिथे, जुना टूथब्रश ओला करून फिरवा, तिथली रेती काच वर-खाली होताना उभे ओरखडे मारते.

ब्लेडचं पण विचारतात. चिकटलेला डिंक, पेंटचे शिंतोडे ह्यासाठी नवीन ब्लेड, काच साबणाच्या पाण्याने निथळती ओली, ब्लेड जवळजवळ आडवं, आणि एकाच दिशेने ढकलायचं, मागे ओढायचं नाही. पण हे पुढच्या काचेवर बाहेरूनच आणि गरज पडली तरच. झाडाखालच्या चिकट्याला मात्र ब्लेड लागत नाही. मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली गाडी लावली की काचेवर मधासारखे बारीक थेंब पडतात, ते झाडाचं नसून तुडतुड्यांनी टाकलेलं गोड पाणी असतं, म्हणजे साखर, कोमट पाण्याने भिजवलं की निघून जातं. खरा चीक असेल तर अल्कोहोल. एक्सप्रेसवेवरून आलात की चिकटलेले किडे आणि पक्ष्यांची विष्ठा, ह्यांना ओलं फडकं झाकून दहा मिनिटं ठेवा, घासू नका. कोकणात समुद्राजवळ राहणाऱ्यांच्या काचेवर जो पांढरा थर येतो तो मीठ, ते साध्या पाण्याने जातं, त्याला बाकी काही नको.

पेपरने पुसू का? आमच्या वडिलांच्या वेळेस सगळे पेपरनेच पुसायचे आणि बाहेरून आजही चालतं, धागे सोडत नाही हा त्याचा गुण. आतून मात्र नको, शाई हाताला लागते, हात पांढऱ्या छताला लागतो आणि ते निघता निघत नाही. मायक्रोफायबर घेताना लांब लव असलेलं, फुलगं, नको, ते बॉडीसाठी, काचेला आखूड लवेचं किंवा जाळीच्या विणीचं चपटं फडकं घ्या. धुताना बाकीच्या कपड्यांत टाकू नका, सुती कपड्यांचा कापूस धरून ठेवतं, आणि कपडे मऊ करायचं लिक्विड तर अजिबात नको, त्याने फडक्यावरच थर बसतो आणि तो काचेवर उतरतो. साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळवा, इस्त्री नाही. काचेची फडकी वेगळ्या पिशवीत.

पावसाळ्यात काच धुरकट होऊ नये म्हणून आतून शेव्हिंग फोम किंवा शॅम्पू चोळायचा सल्ला फिरत असतो. थोडे दिवस काम करतो हे खरं, पण तो थरच आहे ना, रात्री त्यावर उजेड फुटतो, म्हणजे जे काढायला एवढं केलं तेच परत लावायचं. स्वच्छ काच मुळात कमी धुरकटते. तरी धुरकटली तर एसी चालू करून हवेची दिशा काचेवर करा आणि बाहेरची हवा आत घ्यायचं बटण लावा, एसी हवेतला ओलावा ओढून घेतो. आणि एसीमुळे थंड झालेली काच बाहेरून धुरकटते तेव्हा वायपरची एक फेरी मारा, आतून कितीही पुसून फरक पडणार नाही.

सुरू करायच्या आधी एकदा पुढच्या काचेवर खडी लागून पडलेला टिकला कुठे आहे का ते नीट बघा. असेल तर त्यावर पारदर्शक टेप लावा आणि मगच धुवा, साबण-व्हिनेगर त्यात शिरलं की नंतर त्यात रेझिन भरून दुरुस्त करताना ते नीट धरत नाही. आणि उन्हात तापलेल्या अशा काचेवर थंड पाणी मारलं तर टिकल्याचा तडा होऊन पार कडेपर्यंत जातो. म्हणून सगळं सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ऊन गेल्यावर.

तुम्ही रविवारी सकाळी सातला बसलात तर दहापर्यंत तिन्ही कामं होतील. क्रम असा ठेवा की आधी बाहेर धुऊन क्षार, मग सोड्याने तेलकट थर, मग वायपर, आणि आतली काच सगळ्यात शेवटी. पुढे आतली काच महिन्यातून एकदा अल्कोहोलच्या फडक्याने, उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी, दहा मिनिटांचं काम. डॅशबोर्डला चकाकणारं पॉलिश मारणं बंद करा आणि उन्हात लावताना पुढे सनशेड लावा, थर निम्म्याने कमी होईल.

आणि वॉचमनदादांशी बोला. रोज पाणी मारू नका, एक दिवसाआड मारा पण मारलं की काच लगेच कोरडी करा एवढंच सांगा, आणि काचेसाठी दोन फडकी तुमच्याकडून द्या. दादा बिचारे एका बादलीत आणि एका फडक्यात पंधरा-वीस गाड्या उरकतात, त्या बादलीतलं शेवटच्या गाडीचं पाणी कसं असेल तुम्हीच बघा. तुमची गाडी पहिली धुवायला सांगा. व्हिनेगरच्या दोन फेऱ्यांनंतर ठिपक्याला बोट लावून बघा आणि हाताला खरखर लागते की गुळगुळीत ते मला कळवा, त्यावरून पॉलिश लागेल की नाही ते सांगतो.